यवतमाळचा पळस : वऱ्हाडातील एका रानझाडाचा इतिहास

पळस हा कोरड्या, पानगळीच्या रानात वाढणारा वृक्ष. तूर, हरभरा, वाटाणा ज्या शेंगधारी कुळातले, त्याच कुळातला तो आहे आणि हे नाते त्याच्या फुलावरून ओळखता येते. तुरीच्या फुलात असते तीच पाच पाकळ्यांची मांडणी पळसातही असते: मागे उभा ध्वज, दोन बाजूंना पंख आणि पुढे दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. पळसात ही होडी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार होते. फूल केशरी, त्याखालचा पेला काळपट आणि मखमली. फुलाला वास नाही, मध मात्र भरपूर. त्या मधासाठी शिंजीर, मैना, बुलबुल आणि खारी दिवसभर झाडावर असतात आणि परागीकरणाचे काम त्यांच्याकडून होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने झडलेल्या झाडावर फुलांचे घोस लागतात. उन्हाळ्यात चपट्या, पापडासारख्या पातळ शेंगा तयार होतात. शेंगेच्या टोकाला एकच बी असते. वाऱ्याने शेंग दूर जाते आणि पहिल्या पावसात बी रुजते.

यवतमाळ जिल्हा या झाडाला सर्व बाजूंनी मानवणारा आहे. उत्तर-पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा आणि मधे बेसाल्ट खडकाचे पठार, त्यावर कुठे खोल काळी माती तर कुठे मुरमाड माळ. पळस दोन्हींवर तगतो. पावसाळ्यात पाणी साचून राहणारी चिकण जमीन, खारवट पट्टे, गुरांनी तुडवलेली कुरणे अशा, इतर झाडे माघार घेतात त्या जागी तो उभा राहतो. गुरे सहसा त्याला तोंड लावत नाहीत. तोडला तर खुंटातून फुटतो, खणला तर उरलेल्या मुळीतून नवे धुमारे येतात. आर. एस. ट्रूप यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय वृक्षांच्या वनशास्त्रीय ग्रंथात पळसाचे हे गुण नोंदवलेले आहेत. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या जिल्ह्यात राज्ये, कायदे आणि पिके बदलली, तरी पळस टिकला. त्यामागे हा चिवटपणा आहेच. दुसरे कारण असे की, सरकारी हिशेबात त्याला मोल नव्हते आणि गावाच्या हिशेबात मात्र भरपूर होते.

कापसाआधीचा मुलूख

पळसाची ओळख या भूमीला फार जुनी आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या महाराष्ट्री प्राकृत संग्रहात पळसफुलांनी झाकलेल्या भूमीचे वर्णन येते. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड देतात, यज्ञात त्याच्या समिधा पडतात आणि परगावी मेलेल्या माणसाचा देह सापडला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून पालाशविधी केला जातो. युरोपीय वनस्पतिशास्त्रात हे झाड सतराव्या शतकात पोचले. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याच्या ‘होर्टस मलबारिकस’ या ग्रंथात त्याचे चित्र आहे. लामार्कने त्याला एकबीजी शेंगेवरून ‘मोनोस्पर्मा’ हे विशेषनाम दिले. विल्यम रॉक्सबर्गने त्याच्या प्रजातीला ब्यूटचा अर्ल जॉन स्टुअर्ट याच्या स्मरणार्थ ‘ब्युटिया’ हे नाव रूढ केले.

त्या काळी आजचा यवतमाळ जिल्हा हा वऱ्हाडचा आग्नेय कोपरा होता. अठराव्या शतकात वऱ्हाडच्या महसुलावर हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले असा दुहेरी हक्क चालला. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला. लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि मक्त्याने चाललेली वसुली यांमुळे बरीच शेते पडीत राहिली. पडीत पडलेल्या काळ्या जमिनीत गवतापाठोपाठ पळस येतो. डोंगराळ भागात कोलामांचे पोड, गोंड, परधान आणि आंध यांची गावे आणि माळांवर बंजाऱ्यांचे तांडे होते. बंजारे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत. त्यांच्या बोलीत पळसाच्या फुलाला केसुला म्हणतात आणि तांड्यातल्या होळीशी ते फूल जोडलेले आहे.

१८५३ नंतर : वावरे वाढली

२१ मे १८५३ रोजी निजामाने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या रयतवारी पद्धतीने वऱ्हाडची मोजणी सुरू झाली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड आणि ठरावीक सारा आला. १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाडचा जिल्हा अमरावतीपासून वेगळा झाला. पुढे तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, इंग्रजी दप्तरात ‘वुन’.

याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपूरला पोचली. ती वणी जिल्ह्यातून गेली नाही. यवतमाळ भागातला कापूस बैलगाड्यांतून धामणगाव स्टेशनावर जाऊ लागला. रेल्वे आल्यावर बंजाऱ्यांची वाहतूक बसली आणि अनेक तांडे शेतीकडे वळले.

पडीत जमीन वहितीत आणायची तर पहिली गाठ पळसाशी पडे. सागाचे झाड तोडले की लाकूड विकता येते. पळसाचे लाकूड हलके, वेडेवाकडे आणि इमारतीला निरुपयोगी. शिवाय वरून तोडून भागत नाही. मुळ्या शिल्लक राहिल्या तर पुढच्या पावसाळ्यात पिकात पळसाचे फुटवे दिसतात आणि वखराची पास त्यांत अडकते. म्हणून उन्हाळ्यात मुळ्या खणून काढायच्या, नांगरट करायची आणि दोन-चार वर्षे फुटवे काढत राहायचे, असे हे काम चाले. सपाट काळ्या जमिनीतून पळस असा मागे हटला. तो उरला धुऱ्यावर, नाल्याकाठी, गावाच्या आखराजवळ आणि मुरमाड माळावर.

जंगलाची वर्गवारी

शेती वाढली तसे उरलेले रान सरकारच्या नजरेत आले. वऱ्हाड कायद्याने निजामाचाच मुलूख असल्याने तिथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. १८८६ मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र जंगल कायदा झाला. सरकारी जंगलाचे तीन वर्ग पडले: पहिला इमारती लाकूड आणि सरपणासाठी, दुसरा गवत राखण्यासाठी म्हणजे रमना आणि तिसरा गुरे चारण्यासाठी. ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही अक्षरे गावकऱ्यांच्या तोंडी बसली. गावठाणाभोवतीच्या सरकारी चराईच्या जमिनीला विदर्भात अजूनही ‘ई-क्लास’ म्हणतात.

वर्गवारीचा पाया साग होता. सागाची राने पहिल्या वर्गात गेली, तिथे तोड, चराई आणि येणेजाणे यांवर बंधने आली. पळस बहुतेक उरला रमन्यात, चराईच्या वर्गात आणि ई-क्लासमध्ये, म्हणजे गायकी रोज गुरे घेऊन जातो त्या जागी. गुरे गवत आणि इतर रोपे खाऊन टाकत, पळस सोडत. त्यामुळे जिथे चराई जास्त, तिथे पळसच जास्त असे चित्र तयार झाले. यवतमाळ परिसरात मार्चमध्ये केशरी दिसणारे माळ केवळ निसर्गाने घडवलेले नाहीत. कोणती जमीन नांगराला, कोणती सागाला आणि कोणती गुरांना, याचे जे वाटप एकोणिसाव्या शतकात झाले, त्याचाही त्यांत वाटा आहे.

१८९९-१९०० चा दुष्काळ, लोकांच्या भाषेत छपन्नचा दुष्काळ, वऱ्हाडला फार जड गेला. जवळजवळ संपूर्ण वावर कापूस आणि ज्वारीच्या भरवशावर होते आणि पाऊस गेल्यावर दोन्ही गेली. गुरे मोठ्या संख्येने मेली. १९०२ च्या कराराने वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. पुढच्या काळात मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी सुरू झाली, तीच शकुंतला म्हणून लोकांच्या जिव्हाळ्याची झाली. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेररचना झाली. वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे आला आणि वणी जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले.

गावाचे झाड

सरकारी दप्तरात किरकोळ ठरलेल्या या झाडाने गावात किती कामे केली, हे पाहिले तर त्याचे मोल कळते.

पहिले काम पानांचे. एका देठावर तीन मोठी, जाड, चामड्यासारखी पाने येतात. कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण त्यावरूनच आली. नवी पालवी पुरती पक्व झाली की उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने तोडतात. फार कोवळे पान सुकल्यावर आक्रसते आणि जून पान फाटते, म्हणून तोडणारी बाई पान बोटांनी चाचपून निवडते. पत्रावळीसाठी मधे एक मोठे पान ठेवून भोवती पाने एकावर एक चढवत नेतात आणि बांबूच्या किंवा कडक गवताच्या बारीक काडीने टाके घालतात. काडी वरून आत जाते, खालून वर येते आणि तिथेच मोडली जाते. गाठ लागत नाही, दोरा लागत नाही. वरण गळू नये म्हणून पानांची कड किती झाकायची, हे हाताला ठाऊक असते. तयार पत्रावळी दगडाखाली दाबून, गठ्ठे बांधून आठवडी बाजारात जात. लग्नसराईत एका घरच्या जेवणावळीला शेकड्यांनी पत्रावळी लागत आणि उन्हाळ्यात शेतात मजुरी नसताना हा पैसा घरात येई.

दुसरे काम मुळ्यांचे. पळसाच्या मुळीची साल काढून, कुजवून किंवा ठेचून वाख काढत. त्याचे दोर गुरे बांधायला आणि ओझी आवळायला वापरत. मुळीचा वीतभर तुकडा भिजवून एक टोक दगडाने ठेचले की तंतू मोकळे होतात आणि चुना लावायचा कुंचा तयार होतो. दिवाळीच्या आधी मातीच्या भिंती पांढऱ्या करायला हाच कुंचा वापरत.

लाकूड इमारतीला नको असले तरी पाण्याखाली टिकते, म्हणून विहिरीच्या तळाशी बसवायच्या चौकटीसाठी ते उपयोगी पडे. खोडाला खाच दिली की लालभडक रस येतो आणि सुकून माणकासारखे खडे होतात. हा डिंक तुरट. बाळंतिणीच्या लाडवांत घातला जाणारा कमरकस तो हाच. बिया म्हणजे पळसपापडी, मुलांच्या पोटातील जंतांवरचे जुने औषध. डिंक आणि बी या दोन्हींना १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’मध्ये स्थान मिळाले होते.

शेतकऱ्याच्या वर्षातला सर्वांत मोठा सण पोळा, आणि त्यातही पळस असतो. आदल्या दिवशी खांदशेकणीला बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप पळसाच्या पानाने लावतात आणि उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. पोळ्याला दारापाशी पळसाच्या डहाळ्यांचे मेढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोगराई, इडापिडा घेऊन जा म्हणत ते शिवाराबाहेर नेऊन टाकतात.

रंग आणि लाख

फुलांचा रंग होळीला लागे. वाळलेली फुले रात्रभर पाण्यात भिजवली किंवा उकळली की पिवळा-केशरी अर्क निघतो. त्यात चुना किंवा सोडा टाकला तर केशरी गडद होतो, आंबट पदार्थ टाकला तर फिका पडतो. कापडावर तो तुरटीने धरतो, पण उन्हात आणि धुण्यात लवकर उडतो. त्यामुळे नीळ किंवा आल यांसारखी मोठी व्यापारी पेठ पळसाच्या रंगाला कधी मिळाली नाही. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन याने डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग बनवला आणि पुढच्या अर्धशतकात कृत्रिम रंगांनी भारतातल्या रंगाऱ्यांचा धंदा बसवला. याच पर्किनचा मुलगा आर्थर जॉर्ज पर्किन याने जे. जे. हमेल यांच्यासह १९०४ मध्ये पळसाच्या फुलांतल्या रंगद्रव्यावर संशोधन प्रसिद्ध केले. त्या द्रव्याला झाडाच्या शास्त्रीय नावावरून ‘ब्युटीन’ म्हणतात. बापाच्या शोधाने वनस्पतिरंगांची बाजारपेठ मोडली आणि मुलाने त्यांचे रसायनशास्त्र जतन केले.

पळसाच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे कीटक वाढतात. बोर आणि पळस यांवरच्या लाखेला रंगीनी म्हणतात. विदर्भात लाखेचा जोर पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया भागात राहिला. यवतमाळात पळस मुख्यतः पानांचा आणि घरगुती उपयोगाचाच राहिला. एका दृष्टीने ते गावांच्या पथ्यावर पडले. तेंदूच्या पानाला विडीमुळे भाव आला, मग ठेकेदार आले, लिलाव आले आणि १९६९ च्या कायद्याने महाराष्ट्रात त्याचा व्यापार सरकारच्या हाती गेला. पळसाच्या पानाच्या वाटेला तो भाव आला नाही आणि तो ताबाही आला नाही.

१९३० : पुसदचे गवत

पळस ज्या कुरणांत वाढत होता, त्या कुरणांतूनच १९३० मध्ये राजकीय लढा उभा राहिला. गांधीजींनी दांडीला मीठ उचलले, तेव्हा समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडला मिठाच्या सत्याग्रहासाठी फारशा जागा नव्हत्या. अकोल्याकडे दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ केले गेले. पण गावोगावच्या माणसाला रोज टोचत होता तो जंगल कायदा. गवत कापायला परवाना, गुरे चारायला पैसे, गुरे चुकून हद्दीत गेली तर कोंडवाडा आणि दंड. बैलांवर शेती चालणाऱ्या मुलखात गवताचा प्रश्न हा पोटाचा प्रश्न होता.

वणीत १८८० साली जन्मलेले आणि यवतमाळात वकिली करणारे माधव श्रीहरी ऊर्फ लोकनायक बापूजी अणे यांनी कायदेभंगासाठी हाच मुद्दा निवडला. १० जुलै १९३० रोजी त्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात विळ्याने गवत कापून सत्याग्रह केला आणि अटक करवून घेतली. २१ जुलैला डॉ. केशव बळीराम हेडगेवार यांनी आपल्या तुकडीसह यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह केला. त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोल्याच्या तुरुंगात ठेवले गेले. त्या पावसाळ्यात जंगल सत्याग्रह मध्य प्रांतात बैतूल-शिवनीपर्यंत आणि महाराष्ट्रात बिळाशी, चिरनेरपर्यंत पसरला. २५ सप्टेंबरला चिरनेरला गोळीबार होऊन माणसे मारली गेली.

हा लढा पळसासाठी नव्हता, साऱ्या रानासाठी होता. रानातले गवत, पाने, सरपण यांवर शेजारच्या गावाचा काही हक्क आहे की नाही, हा प्रश्न त्याने चव्हाट्यावर आणला. १८८६ च्या वर्गवारीने जी गोष्ट सवलत ठरवली होती, ती हक्क म्हणून मागितली जाऊ लागली.

स्वातंत्र्यानंतर

१९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. वन खाते आणि वर्गवारीचा सांगाडा कायम राहिला. १९९७ मध्ये पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य घोषित झाले. तिथल्या सागाच्या रानात, विशेषतः गवताळ मोकळ्या भागांत, पळस आजही विपुल आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींना दिला. लाख, मध, औषधी वनस्पती, मुळ्या अशी यादीच त्या कायद्यात आहे. पुसदला विळ्याने विचारलेल्या प्रश्नाला ७६ वर्षांनी संसदेने दिलेले हे उत्तर होते. आदिम जमात म्हणून मान्यता असलेल्या कोलामांसाठी त्याचे महत्त्व विशेष आहे.

कायद्याने हक्क दिला तेव्हा बाजाराने मात्र पाठ फिरवलेली होती. थर्मोकोल आणि प्लॅस्टिकच्या ताटांनी पत्रावळ हटवली, नायलॉनने वाखाचा दोर आणि तयार ब्रशने कुंचा. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिक आणि थर्मोकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. त्यामुळे पानांच्या पत्रावळीला पुन्हा मागणीची वाट मोकळी झाली. यंत्रावर दाबून केलेल्या पत्रावळी आणि द्रोण आता बाजारात दिसतात. नैसर्गिक रंगांकडे ओढा वाढल्याने होळीच्या आधी वाळलेली पळसफुलेही विकली जातात.

झाडापुढची अडचण वेगळी आहे. कुऱ्हाडीला पळस दबत नाही, पण जमीनच उरली नाही तर त्याच्या चिवटपणाचा उपयोग नाही. ई-क्लास जमिनींवर अतिक्रमणे झाली, धुरे ट्रॅक्टरखाली अरुंद झाले, तणनाशकाने फुटवे मुळासकट जळू लागले आणि रस्ते रुंद करताना कडेची जुनी झाडे गेली. शंभर वर्षांपूर्वी सरकारी मोल नसणे ही पळसाची ढाल होती. आज तीच त्याची उणीव झाली आहे, कारण ज्याची नोंद नाही त्याची भरपाईही मागता येत नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आपल्या हद्दीतल्या रानाचा व्यवस्थापन आराखडा करता येतो. त्यात साग आणि तेंदूबरोबर पळसाची झाडे मोजणे, पाने तोडण्याचा हंगाम ठरवणे आणि आखराजवळची जुनी झाडे राखणे, ही कामे गावाच्या हातातली आहेत.